सातवा ठोका

ते जाकीट नको घेऊस, बिभीषण. थंडी वाजायली असंल तर ती शाल घे, पोत्यावर पडलीय बघ. जाकीट तिथंच राहू दे खिळ्याला. कावून म्हणून विचारू नको, सांगतो.

आणि आतिफ, तो मोबाईल जरा उलटा ठेव. आत्ता काय म्हणालास? पुन्हा म्हण. "लई पिरपिर करायला होता मामू, बझरची वायरच उपटली." असंच ना? आगीची खबर देणारी मशीन. खाली पतसंस्था, वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं झोपतात. तुला कामाला लागून धा दिवस न्हाई झाले, अन् तू वायर उपटून आलास. शाब्बास.

हसू नको बे. बस खाली. लाईट यायला अजून तासभर हाय, तोवर ऐका. बिभीषण बसलाय म्हणून मराठीत सांगतो, न्हाईतर घरच्या बोलीत शिव्याच जास्त आल्या असत्या. भूतबित मी मानत न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. जे झालं ते इलियाससोबत झालं. त्यानं मला सांगितलं ते तुमाला सांगतो, माझ्या पदरचं काही घालत न्हाई.

इलियास तुमाला माहीत हाय. याच दुकानात तांब्याचा पाईप जोडायला शिकला. मग दवाखान्यातली ऑक्सिजनची कामं घ्यायला लागला. आता दवाखान्यात ऑक्सिजन कसा येतो ते ध्यानात घ्या, म्हणजे मधीच विचारायला नको. मागं एक खोली असती. तिच्यात एका भिंतीला सहा मोठे सिलेंडर, ती चालू रांग. समोरच्या भिंतीला सहा, ती राखीव. तिथून तांब्याचा पाईप भिंतीभिंतीतून वर पेशंटच्या उशापर्यंत जातो. चालू रांग संपत आली की वॉर्डाबाहेर एक पेटी लावलेली असती, तिच्यावर पिवळा दिवा लागतो अन् बझर वाजतो. मग माणसानं खाली जाऊन राखीव रांग उघडायची. एवढंच काम. पेटी आधी सांगती, गॅस नंतर संपतो. मधी जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात माणूस वाचतो.

मांजरसुंब्याच्या पुढं, केजच्या रस्त्याला एक खाजगी दवाखाना हाय. नाव घेत न्हाई. बारा खाटांचा. तिथले पाईप मी अन् इलियासनं जोडलेले, पेटी नंतर इलियासनं लावलेली.

तारीख बारा डिसेंबर, साल २०२३, मंगळवार. अमावास्या होती म्हणं. तिचा याच्याशी काही संबंध न्हाई, तुमाला भ्यायचंच असलं तर धरा. रात्री पावणेदहाला इलियास जेवून उठला अन् फोन आला. रातपाळीच्या मोहिनी सिस्टर. "भाऊ, तुमची पेटी कवाची वाजायलीय. खालचा काटा तर फुल्ल दाखवायलाय. पेशंटचे लोक भांडायलेत. डॉक्टर पुण्याला गेलेत. तेवढी येऊन बंद करा."

सलिमा, त्याची बायको, म्हणाली, सकाळी जावा. पण त्या पेटीचा जिम्मा त्याचा. त्याआधी दोनदा उंदरांनी तिची वायर कुरतडली होती, दोन्ही वेळा ती उगीचच वाजली होती. म्हणजे फिकीर करण्यासारखं काही न्हाई, असं त्याला वाटलं. हे जाकीट त्यानं अंगात घातलं अन् गाडीला किक मारली.

मांजरसुंब्याला ढाबे चालू होते, ट्रकवाले बाजेवर बसून भाकरी मोडत होते. तिथून केजच्या रस्त्याला लागला अन् उजेड संपला. डिसेंबरचा महिना, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेलेल्या. गावंच्या गावं कुलपात. साडेधाला दवाखान्यात पोचला.

वॉर्डात त्या रात्री ऑक्सिजनवर एकच पेशंट. बबिता नावाच्या बाईची पोरगी, दोन दिवसांची. नाव पण ठेवलेलं नव्हतं. वजन एवढंसं, डोक्यावर तो पारदर्शक डबा. बबिताचं आधीचं एक पोटातच गेलेलं. सकाळी ॲम्ब्युलन्स येऊन लेकराला बीडला नेणार होती, तोवर त्या डब्यातल्या हवेवर रात्र काढायची होती. भिंतीला पाण्याची बाटली असती, तिच्यातून गॅस बुडबुडत जातो. बबिता लेकराकडं बघत नव्हती, त्या बुडबुड्यांकडं बघत बसली होती.

पेटी कोकलत होतीच. पिवळा दिवा. इलियास खाली गेला, सिलेंडरची खोली उघडली, काटा बघितला. फुल्ल.

नुसता बघितला.

आता आतिफ, तुला मी पहिल्या दिवशी काय शिकवलं? मीटरच्या काचेला आधी टिचकी मारायची, मग वाचायचं. जुन्या मीटरचा काटा अडकतो. बरोबर? हेच मी इलियासला शिकवलं होतं, पंधरा वर्षं तो टिचकी मारत आला होता. त्या रात्री न्हाई मारली. थंडी होती, उंदीर डोक्यात होते, घरी जायचं होतं. काटा फुल्ल म्हणतोय म्हणजे पेटीच येडी झालीय, असं ठरवलं अन् बाहेर आला. खोलीला कुलूप लावलं. चावी खिशात घातली. हे कुलूप ध्यानात ठेवा.

वर आला. पेटी उघडली अन् बझरची वायर काढली. हां, तुझ्यासारखीच. पिवळा दिवा तेवढा जळत राहिला, त्याच्यावर सिस्टरकडून पांढरी चिकटपट्टी घेऊन लावून टाकली. म्हणाला, "सकाळी नवीन पार्ट आणतो, सिस्टर. काळजी नका करू."

वॉर्डात कसं गार शांत झालं. भांडणारे लोक झोपायला गेले.

कडूबाई नावाची आया होती तिथं, जुनी. तिनं चहा दिला. वॉर्डाच्या दारात बसून दोघं चहा पित होते. ती म्हणाली, "भाऊ, मला काय कळतंय तुमच्या मशीनीतलं. पण सिदू असता तर एक चक्कर मारून आला असता."

सिदू कोण, ते सांगतो. मी त्याला बघितलेलं हाय. नारायणगडाच्या बाजूचा, मेंढरं राखणारा माणूस. मेंढरं विकली अन् या दवाखान्यात सिलेंडरवर कामाला लागला. मीटरकडं तो कधी बघायचाच न्हाई. रोज रात्री अकराला खोलीत जायचा अन् लोखंडी पान्यानं एकेक सिलेंडर ठोकायचा. भरलेला ठप्प म्हणतो, रिकामा टण्ण म्हणतो. रिकामा निघाला की तंबाखूला लागणाऱ्या डबीतला चुना अंगठ्यावर घ्यायचा अन् त्या सिलेंडरला अंगठा लावायचा. पांढरा ठसा म्हणजे रिकामा, हा गेला. सगळी मोजणी तशीच. पाईपमधून तो आवाज वर वॉर्डात यायचा. नर्सा म्हणायच्या, अकरा वाजले, सिदूनं मेंढरं मोजली.

आमी पाईप जोडायला गेलतो तवा मी त्याला हसलो होतो. म्हणलं, अरे, एवढं मीटर लावलंय, ते वाच की. तर तो म्हणाला, "मिस्त्री, मेंढरू आजारी हाय का न्हाई, ते अंगाला हात लावल्याबिगर कळत न्हाई." मी अन् इलियास लई हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटती. खरं सांगतो.

तर कडूबाई सांगायला लागली. एकवीस सालचा एप्रिल, ती कोरोनाची दुसरी लाट. सिदू तीन दिवस घरी गेला न्हाई. रांगा संपायच्या, गाड्या यायच्या, हा ठोकायचा अन् बदलायचा. त्याला स्वतःला ताप होता, कुणाला सांगितलं न्हाई. सांगून पण खाट कुठं होती? चौथ्या दिवशी सकाळी कडूबाईच चहा घेऊन खाली गेली. सिदू रांगेला पाठ टेकून बसलेला. पाना मांडीवर. डोळे उघडे.

"अन् भाऊ," ती म्हणाली, "त्याच्या सदऱ्यावर हितं..." तिनं छातीला हात लावला. "हितं चुन्याचा अंगठा होता. आपल्याच हातानं लावलेला."

इलियासनं कप खाली ठेवला.

सिदू गेल्यावर माणूस ठेवलाच न्हाई कुणी. पेटी लावली. माणसाच्या जागी पेटी. अन् त्या पेटीची वायर आता इलियासच्या खिशात होती.

घड्याळात अकरा वाजले.

टण्ण.

कडूबाईचा कप अर्ध्यात थांबला.

आवाज भिंतीतून आला होता. लेकराच्या उशाशी पाईप जिथं बाहेर येतो ना... तिथून.

टण्ण.

मोहिनी सिस्टर खुर्चीतून उठल्या. "खाली कोण हाय?"

कुणी न्हाई. खोलीला कुलूप. चावी खिशात.

टण्ण.

इलियास म्हणाला, "थंडीनं पाईप आखडतो, सिस्टर. वाजतो कधीकधी." पण पाईप असा वाजत न्हाई. त्यानं आयुष्यभर पाईप जोडलेत, त्याला मालूम होतं.

टण्ण. टण्ण.

सारख्या अंतरानं. घाई न्हाई. मेंढरं मोजावीत तसं.

टण्ण.

सहा.

मग काहीच न्हाई... पार चिडीचूप.

कडूबाई हळूच बोलली. "सगळे रिकामे म्हणतोय त्यो."

तेवढ्यात बबिता ओरडली. तिला त्या ठोक्यांशी काही घेणं नव्हतं. ती बाटलीकडं बघत होती. "सिस्टर! बुडबुडे कमी व्हायलेत!"

सिस्टर धावल्या. लेकराचे ओठ... रंग बदलायला लागला होता.

इलियास पळाला. जिना. मागचं अंगण. काळाकुट्ट अंधार. मोबाईलच्या उजेडात कुलूप बघितलं. लावलेलं. जसं लावलं होतं तसंच. चावी दोनदा खाली पडली. तोंडात कुराणातली आयतल कुर्सी, पण मधीच शब्द विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा.

कुलूप निघालं.

दार उघडलं. दिवा लावला.

कुणी नव्हतं.

तंबाखूचा वास होता. अन् चालू रांगेतल्या सहाही सिलेंडरवर... एकेक पांढरा अंगठा. ओला. चुना खाली ओघळत होता.

इलियासनं मीटरच्या काचेला टिचकी मारली.

काटा पडला. फुल्लवरून थेट शून्यावर. एका टिचकीत.

पेटी खरं बोलत होती, पोरांनो. ती तासाभरापासून खरंच बोलत होती. तिचं तोंड यानं दाबलं होतं.

सिदूचा पाना अजून भिंतीला लटकत होता. इलियासनं तो काढला अन् राखीव रांगेकडं वळला. आता पाठ चालू रांगेकडं. वाकला. पण उघडायच्या आधी त्याला वाटलं, हे तरी भरलेले हायेत का? हितलं मीटर तरी कुणी बघितलंय? अन् त्यानं जन्मात पहिल्यांदा सिलेंडर ठोकून बघितला.

ठप्प.

दुसरा. ठप्प.

भरलेले होते. डोळ्यात पाणीच आलं त्याच्या. पहिल्या सिलेंडरला पाना लावला. जाम. जोर लावला. सुटेना. वरून बबिताचा आवाज येत होता, नुसता आवाज, शब्द न्हाईत.

पुन्हा जोर लावला.

अन् मागं...

टण्ण.

पाईपातून न्हाई. वरून न्हाई. त्याच्या पाठीशी. हातभर अंतरावर.

सातवा.

इलियासनं मागं बघितलं न्हाई. मान वळेचना, असं म्हणाला. पाठीच्या मधोमध नुसतं गार वाटलं, ओलं बोट लागावं तसं. तसाच पान्यावर लटकला, सगळा भार टाकला.

पाना फिरला.

फुस्स...

दुसरा उघडला. तिसरा. मग मधला मोठा व्हॉल्व. पाईप भरल्याचा आवाज वर चढत गेला. आता फक्त वाट बघायची होती. तो एक, दोन, तीन असे आकडे मोजत उभा राहिला. पंधरा... वीस...

वरच्या खिडकीतून मोहिनी सिस्टर ओरडल्या. "आले! भाऊ, बुडबुडे आले! पोरगी रडायली!"

मग तो वळला.

खोलीत कुणी नव्हतं. समोर सहा सिलेंडर होते. त्यानं दोनदा मोजले. सहाच. त्यांच्यावर सहा अंगठे. सातवा ठोका कशावर पडला, ते त्याला कळेना.

वर जाऊन त्यानं आधी चिकटपट्टी काढली. बझरची वायर जोडली. राखीव रांग चालू झाली होती, म्हणून पेटी एकदा वाजून गप बसली, हिरवा दिवा लागला. रात्रभर तो त्या पेटीखाली फरशीवर बसून राहिला. कडूबाईनं शाल दिली, ती त्यानं घेतली न्हाई. जाकीट पण काढलं न्हाई. सकाळी सहाला ॲम्ब्युलन्स आली अन् लेकरू बीडला गेलं. ती पोरगी आता दोन वर्षांची हाय. गेल्या उन्हाळ्यात बबिता तिला घेऊन या दुकानात आली होती. माझी हातोडी उचलून पळत होती, लई द्वाड.

जायच्या आधी इलियास अन् कडूबाई खाली जाऊन आले. सिलेंडरवरचे अंगठे वाळलेले होते. चुनाच तो, वाळायला कितीसा वेळ लागतो? कडूबाईनं पदरानं पुसले अन् म्हणाली, "झालं रे बाबा सिदू. बदललं बघ." मग दोघं बाहेर आले.

इलियास नऊला घरी पोचला. दारातच जाकीट काढून सलिमाच्या हातात दिलं. ती म्हणाली, "हे पाठीला पांढरं काय लावून आलात?"

...

ऐकायलात ना?

पाठीच्या मधोमध. आपला हात जिथं पोचत न्हाई, तिथं. एक अंगठा. चुन्याचा.

सलिमानं साबणानं धुतलं. दोनदा. डाग गेला न्हाई. तिसऱ्या दिवशी तो हे घेऊन माझ्याकडं आला अन् म्हणाला, "उस्ताद, घरात ठेववत न्हाई. फेकवत पण न्हाई." मी त्याला समजावलं. म्हणलं, येड्या, भिंतीला पाठ घासली असंल, दवाखान्याच्या भिंतीला चुनाच असतो. तो म्हणाला, "उस्ताद, सिदू कशाला अंगठा लावायचा?"

मी जाकीट खिळ्याला टांगलं. उत्तर तुमी द्या, सुचलं तर.

इलियासला काही झालेलं न्हाई. तब्येत चांगली हाय, कामं पण करतो. पण रोज रात्री अकराला त्याला झोपेतून जाग येती. ज्या ज्या दवाखान्यात त्यानं पेटी लावलीय, तिथं फोन करतो अन् विचारतो, हिरवा दिवा हाय का? नर्सा वैतागतात. शिव्या पण देतात. तो ऐकून घेतो, मग झोपतो. त्या दिवसापासून कुठल्या पेटीच्या वायरीला त्यानं हात लावलेला न्हाई. मीटर बघितलं की टिचकी मारतो, अन् सिलेंडर दिसला की ठोकतो. लोक हसतात त्याला. आमी हसलो होतो तसंच.

बिभीषण, ते जाकीट काढ आता. खिळ्यावरून. काही होत न्हाई, काढ. दे त्याच्याकडं.

आतिफ, उलटं कर. पाठीची बाजू वर. मोबाईलचा उजेड पाड. दिसला?

दोन वर्षं झाली. दोन उन्हाळे गेले या पत्र्याखाली. मी रोज बघतो, पण माझ्या बोटांचा आता भरवसा न्हाई, गॅसनं भाजून कातडी मेलीय. म्हणून तुला सांगतोय. बोट लाव.

लाव.

...

काय झालं?

...

हात मागं कावून घेतलास बे? दाखव इकडं. बिभीषण, उजेड धर याच्या बोटावर.

...

पुसू नको. पँटला पुसू नको तो ओला चुना. गाडीची चावी घे अन् तसंच जा पतसंस्थेत, वॉचमनला उठव. आधी वायर जोडून ये.

मग बोट पूस.